भावना दुखावल्या, मग पुढे काय?

भाविकांना टीका सोसत नाही, ते लगेच पोलीस चौकी गाठतात, असं इथे बऱ्याच जणांचं म्हणणं दिसतं. मी स्वतः भाविक आहे आणि मला ते अर्धंच पटतं.

2024 च्या ऑक्टोबरात गोव्यात जपून ठेवलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती संताच्या अवशेषांची डीएनए चाचणी करा, अशी मागणी झाली आणि मडगावात रस्ते अडले. राग खरा होता, पण त्या गदारोळात इतिहासाबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. 1560 ते 1812 (मधली काही वर्षं सोडून) गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतलं चर्चचं धर्मन्यायालय, होतं. त्यावर बोलणं म्हणजे आज शेजारी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाचा अपमान नव्हे. आणि त्या कुटुंबाला त्याबद्दल जाब विचारणं हा इतिहासाचा अभ्यासही नव्हे.

आपल्या हिंदूंच्या बाजूलाही तेच. गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतल्या अग्निदिव्याला कुणी अंधश्रद्धा म्हटलं की शिव्या सुरू होतात. त्यापेक्षा एखाद्या धोंडाने, म्हणजे व्रत धरणाऱ्या देवीच्या भक्ताने, आपलं व्रत, सोवळं, निखाऱ्यांवरून जाताना मनात काय असतं ते सांगितलं, तर विचारणाराही ऐकतो. त्याला पटेलच असं नाही, पटायलाच हवं असंही नाही.

कायद्याचं म्हणाल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 295अ, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम 299, हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अपमानासाठी आहे. अवघड प्रश्न त्यात बसत नाही. लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (मेरीमाता) बहिणी मानणाऱ्या गोंयकारांना एवढा फरक नक्की कळतो. तक्रार लिहिण्याआधी निदान समोरच्याचं म्हणणं पूर्ण वाचा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.