मदत हवी आहे: रविवारच्या वादळात एडिसनला स्नो पडेल का? बाबांना काय सांगू?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. रविवारी संध्याकाळपासून सोमवार दुपारपर्यंत एक नॉरईस्टर (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं वादळ) किनाऱ्याला धरून वर सरकणार, एवढं आता बहुतेक नक्की दिसतंय. त्यातून आमच्याकडे काय आणि किती पडेल, याचा मात्र पत्ता नाही. काल दुपारच्या युरोने (युरोपचं हवामान मॉडेल) आमच्या डोक्यावर 14 इंच दाखवले, रात्री 6, आज दुपारी 3 आणि बाकी पाऊस. जीएफएस (अमेरिकेचं मॉडेल) तर आठवडाभर हे वादळ लांब समुद्रात नेऊन सोडत होतं. आज रात्रीच्या रनमध्ये, म्हणजे मॉडेल नव्याने चालवल्यावर, ते एकदम किनाऱ्याकडे सरकलं आणि आता 10 इंच म्हणतंय. आज गुरुवार आहे. रात्री साडेदहाला जीएफएस, एकच्या सुमाराला युरो, असं माझं तीन दिवस चाललंय आणि जितकं बघतो तितका गोंधळ वाढतो.

एरवी मी एवढा जीव टांगणीला लावला नसता. माझे आई-बाबा सप्टेंबरपासून इथे आहेत आणि मंगळवारी रात्रीच्या विमानाने परत जाताहेत. बाबा पाटणला तहसील कचेरीत होते. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा, हे काम बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं. रविवार असो, गणपती असोत, अंगात ताप असो, त्यांनी एक दिवस चुकवला नाही. आता त्यांना एकदा स्नो मोजायचा आहे. डिसेंबरमध्ये जेमतेम गवत पांढरं झालं आणि ते मोजपट्टी घेऊन बाहेर जाईपर्यंत विरघळलं सुद्धा. तेव्हापासून तयारी चालू आहे. गराजमध्ये प्लायवूडचा दोन फुटी चौकोन कापून त्याला पांढरा रंग दिलाय. एका काठीवर एका अंगाला इंचाच्या आणि दुसऱ्या अंगाला मिलिमीटरच्या रेघा मारल्यात. हात थोडा थरथरतो, त्यामुळे मिलिमीटरच्या रेघांना दोन संध्याकाळी लागल्या. रोज जेवताना विचारतात, "काय म्हणतंय तुझं वादळ?"

मला जे कळतं ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. वादळाचं केंद्र 40 अंश उत्तर, 70 अंश पश्चिम या बिंदूच्या आसपासून गेलं तर आपल्या पट्ट्याला चांगला स्नो मिळतो. त्याहून आत, किनाऱ्याला चिकटून गेलं तर पूर्वेचा वारा समुद्रावरची उबदार हवा आत ढकलतो आणि पाऊस होतो. फार बाहेरून गेलं तर कोरडंच. आमचं घर 287 हायवेजवळ आहे. दर वेळी टीव्हीवर स्नो आणि पावसाची रेघ नेमकी या 287 वरूनच काढतात, म्हणजे 20 मैलांचा फरक पडला तरी आमचं नशीब पालटतं.

जानेवारी 2015 मला चांगलं आठवतं. मी तेव्हा नुकताच इकडे आलो होतो. न्यू यॉर्क शहराला 20 ते 30 इंचांचा इशारा होता, सबवेसुद्धा बंद ठेवली होती. आम्ही दूध, पाव, बॅटऱ्या आणून रात्रभर खिडकीशी बसलो. वादळ थोडं पूर्वेला सरकलं आणि सेंट्रल पार्कला 9.8 इंच पडला. त्याच वादळात बॉस्टनला दोन फूट! आमच्या भागाचा अंदाज देणाऱ्या माउंट हॉलीच्या हवामान कार्यालयाच्या प्रमुखांनी लोकांची जाहीर माफी मागितली होती. तो माणूस मला तेव्हापासून फार मोठा वाटतो.

तर जाणकारांनी कृपया सांगावं: इतके वेगवेगळे आकडे असताना नेमकं काय बघायचं? स्नो पडेल की स्लीट (बर्फाचे कडक कण), हे आधी कशावरून कळतं? आणि स्नो मोजायची योग्य पद्धत कोणती? बाबांना खोटी आशा लावायची नाहीये, पण "काही सांगता येत नाही" एवढंच म्हणून विषय संपवणंही बरं वाटत नाही.

प्रतिसाद (वूस्टर, मॅसॅच्युसेट्स)

दादा, पहिलं काम करा, एकेका रनचे आकडे बघणं सोडा. युरोचे 51 आणि जीएफएसचे 31 सदस्य असतात. म्हणजे सुरुवातीची स्थिती जराजराशी बदलून तेच मॉडेल तितक्या वेळा चालवतात. त्या सगळ्यांत तुमच्या गावाला 6 इंचांहून जास्त दाखवणारे किती आहेत, ते मोजा. चौदाचे तीन झाले म्हणजे वादळ बिघडलं असं नसतं. एवढ्या लांबून दोन्ही आकडे शक्यच होते.

शिवाय वादळाला जन्म देणारी वरच्या हवेतली लाट अजून पॅसिफिकवर असावी. तिथे उपग्रहांची नजर आहेच, पण ती जमिनीवर आली की दिवसातून दोनदा सोडल्या जाणाऱ्या हवामानाच्या फुग्यांच्या जाळ्यात येते. शनिवारच्या सकाळपर्यंत रन एकमेकांच्या जवळ येतील अशी आशा धरा.

आता तुमच्या 287 चा मुद्दा. माझ्या मते तुम्ही ट्रॅककडे फार आणि वरच्या हवेकडे फार कमी बघताय. जमिनीवर उणे दोन असेल, पण पाच ते दहा हजार फुटांच्या मध्ये एखादा थर शून्याच्या वर गेला, तर पडता पडता स्नो वितळतो, खालच्या थंड हवेत पुन्हा गोठतो आणि तुमच्या खिडकीवर तांदूळ फेकल्यासारखा टकटक वाजतो. तोच स्लीट. मार्च 2017 ला न्यू यॉर्कमध्ये हेच झालं. दीड फुटाची भाषा होती, उबदार थर वरून घुसला आणि सेंट्रल पार्कला 7.6 इंचांवर आटोपलं. तेव्हा मॉडेलमध्ये त्या उंचीचं तापमान बघा. आणि क्वेबेकवरचा जास्त दाब टिकतोय का तेही बघा. तो हटला की थंड हवेचा पुरवठा तुटतो.

आणखी एक. बरेच नकाशे 1 इंच पाण्याचा 10 इंच स्नो असा सरळ गुणाकार करतात आणि स्लीटही त्यातच धरतात. स्लीट जेमतेम दोन-तीन पट भरतो. तुमच्या 14 इंचांत स्लीट किती होता ते मी न बघता सांगू शकत नाही, पण मला शंका आहे.

वडिलांना सांगायला सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे हवामान खात्याचे तीन आकडे: कमीत कमी, अपेक्षित आणि जास्तीत जास्त. दहातल्या नऊ वेळा पहिल्या आकड्याहून जास्त पडेल, आणि तिसऱ्याच्या वर जायची शक्यता दहात एक. ज्यांनी आयुष्यभर पावसाच्या नोंदी ठेवल्या त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आणि फक्त 2015 धरून बसू नका. जानेवारी 2016 ला अंदाज शेवटपर्यंत वाढत गेला आणि सेंट्रल पार्कला 27.5 इंच पडला. 1869 पासूनच्या तिथल्या नोंदींत तो सगळ्यात मोठा.

प्रतिसाद (स्पार्टा, न्यू जर्सी)

आमचं घर उंचावर आहे, इथे स्नो मिळण्याची शक्यता तुमच्यापेक्षा नक्कीच जास्त. रविवारी दुपारी काका-काकूंना घेऊन या, राहा. विमान मंगळवारी रात्रीचं आहे ना, तोवर रस्ते मोकळे होतात. संकोच करू नका, पत्ता निरोपातून कळवते.

प्रतिसाद (प्रिन्सटन)

मी इथे रोज सकाळी सातला पाऊस-स्नो मोजून कोकोराझला (पाऊस-स्नो मोजणाऱ्या हौशी लोकांचं जाळं) आकडा पाठवतो, म्हणून मोजण्याबद्दल लिहितो.

फळी घरापासून आणि झाडांपासून लांब, सपाट जागी ठेवा, आणि शेजारी एखादी काठी रोवा. नाहीतर आठ इंच पडल्यावर फळी सापडत नाही, मी अर्धा तास शोधली आहे. फार तर दर सहा तासांनी मोजून फळी साफ करा. लोक उत्साहात तासातासाला पुसतात. पण स्नो आपल्याच वजनाने दबत असतो. सारखा पुसत राहिलं की तो दबतच नाही आणि बेरीज फुगते. इंचाच्या दशांशापर्यंत लिहा.

आता तुमच्या वडिलांसाठी खास. चार इंच व्यासाचं पर्जन्यमापक मिळालं तर आणा. स्नोच्या दिवशी वरचं नरसाळं आणि आतली नळी काढून ठेवायची, बाहेरचं नुसतं भांडं उघड्यावर ठेवायचं. वारा असला की भांड्यात स्नो कमी पडतो. तेव्हा तेच भांडं उलटं करून फळीवरच्या स्नोमध्ये दाबा, पोळीतून वाटीने पुरी कापतो तसा गोल तुकडा निघतो. घरात आणा, मोजलेलं कोमट पाणी घालून वितळवा, सगळं पुन्हा आतल्या नळीत मोजा आणि घातलेलं पाणी वजा करा. उरलं ते आकाशातून आलेलं पाणी. पाटणच्या वहीतला आकडा तोच होता.

धागाकर्ता, शुक्रवार रात्र

सगळ्यांचे मनापासून आभार. वूस्टरच्या ताई, तुमची शंका खरी निघाली. चौदा इंचांच्या त्या नकाशात निम्म्याहून जास्त वेळ आमच्याकडे स्लीट होता. इशारा लागलाय: कमीत कमी 1, अपेक्षित 5, जास्तीत जास्त 11. बाबांनी तिन्ही आकडे वहीत लिहून घेतले, थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे फळी पुसायला लागणार हे नक्की." मी इतके दिवस एक आकडा शोधत होतो. त्यांना तीन आकडे मिळाल्यावर रात्री शांत झोप लागली.

स्पार्टाच्या ताई, तुमचं आमंत्रण वाचून आईचे डोळे भरून आले. बाबांचं म्हणणं, जिथे राहतो तिथलंच मोजायचं. पुढच्या खेपेला नक्की येऊ.

पर्जन्यमापक उद्या आणतोय. एकच विचारायचं राहिलं: स्लीट सुरू झाला तर फळी तेव्हाच पुसायची की सहा तास पुरे होऊ द्यायचे?

प्रतिसाद (प्रिन्सटन)

सहा तास होऊ द्या. स्नोमध्येच तो धरतात. बदल किती वाजता झाला ती वेळ फक्त शेजारी लिहून ठेवा.

धागाकर्ता, सोमवार संध्याकाळ

रविवारी 7 वाजून 10 मिनिटांनी पहिले कण. बाबा स्वेटरवर माझं जॅकेट चढवून दारात उभे होते. नऊनंतर असा दाट पडला की समोरच्या घराचा दिवा दिसेना. 12 वाजून 40 ला खिडकीवर टकटक सुरू झाली. ती आधी बाबांना ऐकू आली, मी झोपलो होतो. त्यांनी वेळ लिहून ठेवली.

पहिल्या सहा तासांत 3.4 इंच, नंतर 0.9 इंच स्लीट, पहाटे साधा पाऊस. एकूण 4.3 इंच. सकाळी सातला स्वयंपाकघरात भांडं वितळवलं, कोमट पाणी वजा केलं, आणि बाबांनी नळी डोळ्यांसमोर धरून वाचलं: 27 मिलिमीटर, म्हणजे एक इंचाच्या थोडं वर. मग चष्मा काढून म्हणाले, "अरे, पाणी तर पुरतं दहा इंचांचं आलं." तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वादळाने आणायचं तेवढं पाणी आणलं होतं, फक्त मधल्या थरातली उब आड आली.

विमान वेळेवर आहे. फळी आणि काठी इथेच ठेवून जाताहेत. पुढच्या वेळी सकाळी सातला मोजून लगेच फोन करायचा असं ठरलंय, तेव्हा पाटणला संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. वहीचं पुढचं पान त्यांनी आखून ठेवलंय.