समानुभूती, सहानुभूती आणि ‘काममूत’ नावाची पंचाईत

सुईदोरा:
नर्सिंगच्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. पेशंटला सिम्पथी नको, एम्पथी द्या, असा मूळ आशय. मी लिहिलं, ‘सहानुभूती नको, समानुभूती हवी.’ तपासणाऱ्या बाईंना समानुभूती ही छपाईची चूक वाटली आणि त्यांनी ती सगळीकडे दुरुस्त केली. आता वाक्य झालंय, ‘सहानुभूती नको, सहानुभूती हवी.’ त्याआधी दोन पानं पहिल्या वर्षाच्या मुलींना वाचायला दिली होती. एक म्हणाली, “मॅडम, समानुभूती म्हणजे पेशंटचं पोट दुखलं की आमचंबी दुखाया पाहिजे का?” मला काही उत्तर सुचलं नाही. परानुभूती, तदनुभूती, सहसंवेदना हेही पाहून झालं. तुम्ही काय वापरता?

पंतोजी:
तपासणाऱ्या बाई अर्थाने चुकलेल्या नाहीत. सह + अनुभूती, म्हणजे दुसऱ्यासोबत अनुभवणं. एम्पथीला हवा तोच अर्थ. आपण तो शब्द शोकसभांच्या ठरावांत वापरून वापरून गुळगुळीत केला, आणि आता त्याच्या जागी नवं नाणं पाडतोय.

दुपारची एसटी:
पंतोजी, गुळगुळीत झालेलं नाणं दुकानदार घेत नाही. 1984 साली इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या, ती ‘सहानुभूतीची लाट’. ‘समानुभूतीची लाट’ म्हणून बघा कुणाला कळतंय का. सहानुभूती म्हटलं की लोकांना ‘अरेरे, बिचारा’ एवढंच ऐकू येतं.
आणि अनुकंपाचं काय झालं ते मला विचारा. अनु + कंप, म्हणजे समोरचा कापतो म्हणून आपणही कापायचं. किती सुंदर शब्द! वडील नोकरीत असताना गेले, मी अनुकंपा तत्त्वावर लागलो. चौदा वर्षं झाली. अजून नवा साहेब आला की ओळख करून देतात, “हे आपले अनुकंपावाले.” आमच्या ऑफिसात कुणी कुणासाठी कापल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पाटावरवंटा:
मला एक कळत नाही, संस्कृतच्या दारात जायचंच कशाला? कणव आहे, माया आहे, कळवळा आहे. तुकोबा म्हणतात, ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती.’ त्यात काय कमी पडलं? माझी आजी म्हणायची, दुसऱ्याची कळ ज्याला कळते त्यालाच कळवळा येतो. व्युत्पत्तीसुद्धा तीच आहे.

पंतोजी:
आजींना नमस्कार, पण व्युत्पत्ती ती नाही. तळमळ, हळहळ, कळवळ हे एका घराण्यातले, नादावरून आलेले शब्द. ‘कळणे’चं मूळ वेगळं. जुळलं म्हणजे जन्मलं असं होत नाही.

पाटावरवंटा:
तुमचं घराणंही अंदाजच आहे की! आजीचा अंदाज निदान लक्षात तरी राहतो.

सुईदोरा:
कळवळा मलाही आवडतो हो, पण ‘परिचारिकेने कळवळा दाखवावा’ म्हटलं की ती कॉटशेजारी बसून रडतेय असं डोळ्यांपुढे येतं. एम्पथीत थोडं अंतर राखणंही आहे.
परवा वॉर्डात बघितलं ते सांगते. एका म्हाताऱ्यांची बायको सकाळीच गेली होती. नातेवाईक फोनवर. आयाबाई आल्या, चहाचा कप त्यांच्या हातात दिला. त्यांचा हात थरथरत होता म्हणून कपाखाली आपला तळवा धरला आणि चहा संपेपर्यंत तशाच बसल्या. अक्षर बोलल्या नाहीत. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, “पोटात तुटलं वो.” आता ‘पोटात तुटणे’ पाठ्यपुस्तकात कसं घालू?

तिसरी घंटा:
सुईदोराताई, यात दोन गोष्टी मिसळताहेत. दुसऱ्याचं दुःख कळणं वेगळं आणि आपल्याला भरून येणं वेगळं. भरून येण्यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. लग्नात पाठवणीच्या वेळी आपला काही संबंध नसताना डोळे का भरतात? अॅलन फिस्के या मानववंशशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भावनेला इंग्रजी नाव न देता संस्कृत नाव दिलं. 19 देशांत, 15 भाषांत तपासलं: डोळ्यांत पाणी, अंगावर काटा, घशात आवंढा, छातीत ऊब. नाव काय, तर ‘काममूत’.

दुपारची एसटी:
काय??

तिसरी घंटा:
हसू नका. मूत म्हणजे हललेला, ढकलला गेलेला. प्रेमाने हललेला तो काममूत. मी सेमिनारला मराठी मुलांसमोर हे बोलले आणि पुढची दहा मिनिटं वाया गेली.

पंतोजी:
हसण्याचं खरं कारण तुमच्या मुलांना कळलेलंच नाही. हा शब्द ऋग्वेदातला, दहाव्या मंडलातलं यम-यमी सूक्त. यमी सख्ख्या भावाकडे शरीरसुख मागते आहे आणि स्वतःला ‘काममूता’ म्हणते. कामाने पछाडलेली. तो शब्द पाठवणीच्या अश्रूंना लावायचा? आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अष्टसात्त्विक भाव आहेत, म्हणजे भावना दाटली की शरीरावर उमटणारी आठ लक्षणं. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू (कापरं), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). त्यांची यादी करायला 19 देश फिरावे लागले नव्हते.

तिसरी घंटा:
तुमच्या आठांतले तीन जुळतात, रोमांच, स्वरभंग, अश्रू. छातीतली ऊब भरतमुनींच्या यादीत कुठे आहे? आणि भीतीनेही घाम येतोच की. ती लक्षणं सगळ्याच रसांना चालतात, या एका भावनेचं नाव त्यांत नाही.

नेकरकाठ:
स्टुटगार्टहून लिहितोय. जुन्या भाषेतून शब्द उचलला की असं होतंच. खुद्द एम्पथी कुठे जुनी आहे? रॉबर्ट फिशर या कलाविचारवंताने 1873 मध्ये जर्मनमध्ये ‘आइनफ्यूलुंग’ वापरला, तोही माणसांबद्दल नाही, तर आकार आणि कला बघण्याबद्दल. म्हणजे देवळाचा खांब बघताना छपराचा भार आपल्या खांद्यावर आल्यासारखं वाटणं. 1909 मध्ये टिचनर या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी ग्रीकवरून इंग्रजी शब्द घडवला. आता गंमत. माझ्या शेजारी एक ग्रीक कुटुंब आहे. त्यांच्या बोलण्यात ‘एम्पाथिया’ म्हणजे आकस, दुस्वास. ‘नर्सने एम्पथी दाखवावी’ हे वाचून त्यांना तुमच्या काममूतसारखंच वाटत असणार.

दुपारची एसटी:
म्हणजे आमच्या ऑफिसात एम्पथी भरपूर आहे, ग्रीक अर्थाने.

पाटावरवंटा:
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? ‘गहिवर’ घ्या. अस्सल मराठी.

पंतोजी:
अस्सल मराठी? संस्कृत ‘गह्वर’, म्हणजे गुहा, खोल जागा. तिथूनच आलाय तो. आणि लिहायचा तर ‘गहिंवर’ लिहा, अनुस्वार देऊन.

पाटावरवंटा:
1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले, पंतोजी. साठ वर्षं उलटली.

पंतोजी:
काढले, आणि शब्दाचा नाकातला हुंदका गेला. ‘गहिंवर’ म्हणून बघा एकदा.

देवगडची वाट:
आमच्याकडे ‘काळीज भरान इला’ म्हणतत. अनुस्वार खंय नाय, तरी रडाक येता.

सुईदोरा:
मंडळी, पुस्तिका काल छापायला गेली. बाईंनी शेवटी ‘एम्पथी’ असंच देवनागरीत घातलं. कंसात ‘सहानुभूती’.

पंतोजी:
कंसात का होईना, आली. पाटावरवंटा, 1962 च्या नियमांचा मुद्दा राहिलाच. ‘न उच्चारलेले’ हे ठरवलं कुणी? माझ्या आईच्या तोंडी तो अनुस्वार अगदी स्पष्ट होता.