कादंबरीतली बहीण सही देत नाही. ती चुकते का?

पोफळी

गेली 4 वर्षे एका कादंबरीवर काम करते आहे. गोव्यातल्या सावईवेऱ्यातले राजांगणाचे (आतल्या मोकळ्या चौकाचे) घर, मागे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, आणि पन्नाशीच्या आसपासची तीन भावंडे. थोरला नोकरीनिमित्त पणजीत स्थायिक, मधली बहीण डिचोलीला दिलेली, धाकटा घरीच राहिलेला. आईच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी धाकटा बहिणीपुढे हक्क सोडल्याचा कागद ठेवतो. "चवथीला नेहमीसारखी येत जा, घर तुझंच आहे," म्हणतो. ती कागद वाचते, घडी घालून पिशवीत ठेवते आणि चुलीवरचा चहा उतरवायला उठते. सही करत नाही. पुढे कादंबरी संपेपर्यंत करत नाही.

मसुदा चार जवळच्या माणसांना वाचायला दिला. चौघांनीही सांगितले, शेवटी तिने सही द्यावी, नाहीतर ती दगडाच्या काळजाची वाटते. थोरल्याबद्दल मात्र एकानेही काही विचारले नाही. घर सोडून तोही गेला, तोही वर्षातून दोनदाच येतो. तरी त्याचा वाटा सगळ्यांनी धरूनच चालले.

पोर्तुगीजांचा 1867 चा नागरी कायदा आपल्याकडे 1870 मध्ये लागू झाला, तेव्हापासून मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. बाकी देशात, काही राज्ये सोडली तर, हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनचा समान हक्क मिळायला 2005 ची दुरुस्ती यावी लागली. इतका जुना हक्क असूनही, तो मागणारी बहीण आपल्याला अजून खटकते. चवथीचे वजें (गणेशचतुर्थीला माहेरून येणारी भेट) आणि भाऊबिजेची ओवाळणी यात तिचा वाटा फिटला असे आपण मानतो. माझ्या नायिकेने सही देऊ नये आणि त्याबद्दल कुणाची क्षमाही मागू नये, असे माझे ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटते?

नळ्यांचे घर

ताई, तुमच्या कादंबरीतला धाकटा मीच आहे असे समजा, माझाही एक भाऊ पणजीत आहे. त्याच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवे.

मातीच्या भिंतींचे घर म्हणजे काय हे वर्षातून दोनदा येणाऱ्याला कळत नाही. दर मे महिन्यात छपराचे नळे (कौले) परतून घ्यायचे. एक वर्ष चुकले की वाशांत पाणी, पाण्यामागून वाळवी. कुळागराला उन्हाळाभर पाटाचे पाणी द्यायचे, पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारा, मिळत नाही म्हणून चार गावांत हिंडायचे. माझी आई 6 वर्षे अंथरुणाला खिळून होती. रात्री दोन वाजता कूस बदलायला मी किंवा माझी बायको उठत असे. बहीण यायची, रडायची, शेवटच्या बसने परत जायची. तिच्या मायेबद्दल मला तक्रार नाही. पण वाटे तीन सारखे करताना या 6 वर्षांचा हिशोब कोणत्या रकान्यात लिहायचा?

तुमच्या बहिणीला हक्क आहे, मान्य. पण तिला घर नको आहे, तिला वाटा हवा आहे. ज्याला घर हवे आहे त्याने तो वाटा विकत घ्यायला पैसे कुठून आणायचे? सुपारीतून?

बांद

दोघांनाही एक सांगतो. मी वारसा-वाटणीच्या कामात बरीच वर्षे आहे.

पोफळी, तुमच्या प्रसंगात एक चूक आहे. एकट्या बहिणीच्या सहीने काम होत नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणून भावोजींचीही सही लागते. आणि त्याच नियमाने धाकट्याच्या वाट्यात त्याची बायको निम्म्याची मालकीण आहे. जी वहिनी रात्री दोनला उठत होती तिलाही या घरात हक्क आहे. तुमच्या मसुद्यात ती बोलते का?

नळ्यांचे घर, तुमच्या रकान्याची सोय कायद्यात होती. आईबापांना आपल्या मालमत्तेच्या निम्म्या भागाचे मृत्युपत्र करता येते. उरलेल्या निम्म्यातून मुलांना वगळता येत नाही. म्हणजे आईने मनात आणले असते तर ज्याने सेवा केली त्याला जास्त देता आले असते. तशी तजवीज फारच थोडी घरे करतात. मग आई गेल्यावर भाऊ ती भरपाई बहिणीकडून मागतात.

सही झाली नाही तर प्रकरण इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या प्रक्रियेत, जाते. तिथे एकमत झाले नाही तर लिसिटेशन. वारसांनी एकमेकांसमोर बसून आपल्याच घरावर बोली लावायची, ज्याची बोली चढेल त्याने इतरांना पैसे द्यायचे. मी भावंडांना देवघराच्या खोलीवरून बोली चढवताना पाहिले आहे. लिहायचे तर ते लिहा. कागद पिशवीत ठेवणे त्यामानाने सोपे आहे.

तुळशीवृंदावन

मी सही दिली होती, 1998 मध्ये. भावाने मागितलीसुद्धा नव्हती, वडिलांनी डोळ्यांनी खुणावले. घर नंतर विकले गेले. आता तिथे फाटक आहे, आत कुत्रा आहे, आणि कोण राहते ते गावात कुणाला ठाऊक नाही. सही दिली म्हणून माहेर टिकते असे मला कुणी सांगू नये.

नळ्यांचे घर

तुमचे वाचून वाईट वाटले. पण मी विकणार नाही, म्हणून तर मागतो आहे. बहिणीचा वाटा राहिला तर उद्या तिची मुले विकतील. आसगावातली जुनी घरे कशी गेली ते बघा.

बांद

अविभक्त वाटा बाहेरच्याला विकायचा तर आधी इतर वारसांना विचारावे लागते. तेवढे संरक्षण आहे.

नळ्यांचे घर

विचारतील. परत पैशांचाच प्रश्न.

आणि मृत्युपत्राचे म्हणता, तर माझ्या आईला तिच्या नावावर निम्मे घर आहे हेच शेवटपर्यंत माहीत नव्हते. ती ते "त्यांचे घर" म्हणायची.

पोफळी

हे शेवटचे वाक्य मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरते आहे.

वहिनीला माझ्या मसुद्यात एकूण 11 वाक्ये आहेत, आत्ताच मोजली. ती कमी आहेत. आईच्या आजारपणाची रात्रही मी बहिणीच्या आठवणीतून लिहिली, म्हणजे जी तिथे नव्हती तिच्याकडून. ते प्रकरण आता वहिनीकडे जाईल. लिसिटेशनही येईल.

सही मात्र माझी नायिका देणार नाही. धाकट्याचे कष्ट खरे आहेत, त्यांचे मोल द्यायचे असेल तर ते तिन्ही वाट्यांतून द्या, थोरल्याच्याही. तिच्या एकटीच्या वाट्यातून का? नळ्यांचे घर, तुम्ही पणजीच्या भावाकडे कधी सही मागितली का?

नळ्यांचे घर

नाही मागितली.