जुनी टर्बो गाडी आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज: तुम्ही काय केलंत?

माझी गाडी २०१० ची, १.३ लिटर टर्बो डिझेल. दर आठवड्याला सातारा-पुणे-सातारा. नवी होती तेव्हा हायवेला २० च्या खाली कधी आली नाही. मग १७ झाली, मग १५. मी आपलं 'वय झालं तिचं' म्हणून गप्प. एकदा पुण्याहून परतताना खंबाटकी चढत होतो, आरशात बघितलं तर मागे काळा ढग आणि त्या ढगात एक दुचाकीवाला एका हाताने नाकावर रुमाल धरून. फार लाज वाटली.

एका गॅरेजने सांगितलं इंजेक्टर गेले, चाळीस हजार तयार ठेवा. पैसे नव्हते म्हणून वाचलो म्हणायचं. ओळखीतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनर वगैरे काही लावला नाही. बॉनेट उघडून इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा गार करणारी जाळी) रबरी होजवरून बोटं फिरवली आणि बोट माझ्यापुढे धरलं. तेलात कालवलेली काळी धूळ. "हवा गळतेय तिथंच ही बसते." होज खालच्या अंगाला बोटभर चिरलेला होता. गाडी जागेवर उभी असली की चीर मिटलेली. टर्बोने दाब धरला की तोंड उघडायची. फिल्टरजवळचा सेन्सर हवा मोजतो, त्या हिशेबाने डिझेल सुटतं, आणि मोजलेली हवा वाटेतच निसटते. मग अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागच्याच्या नाकात. होज आणि दोन क्लिपा बदलल्या, अ‍ॅव्हरेज १८.४. वीस काही आलं नाही.

तुमचे अनुभव सांगा. फक्त आकडा कसा काढला तेही लिहा. मीटरवर दिसणारा आकडा धरू नका, तो आपल्याला खूश ठेवायला असतो. एकच पंप, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल, पुढच्या वेळी परत फुल, किलोमीटर भागिले लिटर. तेही तीन-चार टाक्यांचं. एका टाकीवर विश्वास नाही.

नाशिक

मोजण्यावरूनच सुरुवात करतो. टायर बदलले आणि अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून मी महिनाभर मेकॅनिकचं डोकं खाल्लं. झालं होतं असं की १८५/६५ आर १५ च्या जागी दुकानदाराने १९५/६५ बसवले होते. टायर रुंद, त्या प्रमाणात उंचही. चाक मोठं, म्हणजे तेवढ्याच अंतरात फेरे कमी, म्हणजे मीटर शंभराला दोन किलोमीटर कमी मोजणार. गाडी तितकीच चालली होती, कागदावर कमी. अर्थात रुंद टायर थोडं जास्त ओढतं हेही खरंच. हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना बघा. कसारा चढून आल्यावर पंपावर हवा बघण्यात अर्थ नाही, गरम टायर जास्तच दाखवतो आणि पोरगा उलट हवा सोडून देतो.

सावंतवाडी

आमच्याकडे आंबोली घाट रोजचा. सासरेबुवांचं ठाम मत, "उतारार न्यूट्रल टाक, डिझेल वाचता." त्यांना नाही म्हणायची सोय नाही. शेवटी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचं, इंजिनचे आकडे मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र आणलं, मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, मामा, तुम्ही आकडा वाचा. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय काढलेला, गाडी उतरतेय: डिझेल शून्य. न्यूट्रल केल्याबरोबर तासाला अर्ध्या लिटरच्या वर. ते दोनदा वाचून गप्प. गिअरमध्ये असताना चाकंच इंजिन फिरवतात, मग इंजिनचा कंप्युटर डिझेल पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला त्याला डिझेल द्यावंच लागतं. वर ब्रेकवर सगळा भार. खाली दाणोलीला पोचल्यावर जो जळका वास येतो तो फुकटचा.

मामा अजूनही माझ्या गाडीत बसले की गिअरकडे बघतात. बोलत नाहीत, एवढंच.

ठाणे

माझी पेट्रोल. २०१४ ची, १.२ टर्बो. घोडबंदर रोडला ९, कधी ८.५. डिझेलवाल्यांचे आकडे वाचून रडू येतं. प्लग आणि एअर फिल्टर बदलले, अर्ध्या किलोमीटरचा फरक. इंधन थेट सिलिंडरमध्ये मारणारं इंजिन असल्याने हवा आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हची मागची बाजू पेट्रोलने धुतली जात नाही, तिथे कार्बनची साय धरते. ती अक्रोडाच्या टरफलांची भुकटी दाबाने मारून काढतात. काढून घेतली. पिकअप सुधारला, अ‍ॅव्हरेजचं नक्की सांगता येणार नाही, कारण त्याच सुमारास पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. तेव्हा इकडे कमावलं आणि तिकडे गेलं असं झालं असावं.

खरा फरक पडला तो उजव्या पायाने. टर्बो पेट्रोल दाबलं की पिते. इंजिन तापू नये म्हणून जास्तीचं पेट्रोल सोडते. सिग्नलवरून पहिलं यायची हौस सोडली तेव्हा ९ चे १०.८ झाले. बायको म्हणते, वय झालं.

सोलापूर

अ‍ॅव्हरेज वाढवायच्या औषधाची बाटली. टाकीत ओतायची. चारशे रुपये. फरक शून्य. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

छत्रपती संभाजीनगर

दादा, माझं वेगळंच निघालं. अ‍ॅव्हरेज १९ वरून १६, धूर नाही, पिकअप ठीक. गॅरेजमध्ये मला ऐकवलं की मॅडम, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता. तीन वेळा ऐकवलं. एका दुपारी गाडी आणून लावली आणि लेकाने लगेच पाईप घेऊन धुवायला घेतली. तीन चाकांवरून पाणी ओघळलं, मागच्या डाव्या चाकावरून चर्र आवाज करत वाफ आली. हात लावला तर चटका. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, ब्रेकचे शू सतत घासत होते. म्हणजे मी महिनोन् महिने थोडासा हँडब्रेक ओढूनच गाडी चालवत होते.

केबल आणि शू बदलले, पुन्हा १९ च्या जवळ. आता दूरवरून आले की चारही चाकांजवळ तळहात नेऊन बघते. शेजाऱ्यांना वाटतं गाडीची दृष्ट काढतेय.

स्टुटगार्ट

इथे १.९ टीडीआय (टर्बो डिझेल), २००४ ची, अडीच लाख किलोमीटर झालेली. इथला हिशेब उलटा, शंभर किलोमीटरला किती लिटर. ५.४ वरून ६.४ वर गेली, म्हणजे आपल्या भाषेत साडेअठरावरून साडेपंधरावर. रोज ऑफिसची सहा किलोमीटरची फेरी, इंजिन पुरतं तापतच नव्हतं, त्यामुळे टर्बोतल्या हलत्या पात्यांवर काजळी बसून ती अडकायला लागली होती. टर्बो काढून साफ केला. आता ऑफिसला सायकल, आणि गाडी रविवारी ऑटोबानवर चांगली तासभर. सायकलमुळे किती वाचलं ते मोजलेलं नाही, ते धरलं तर सगळ्यांना हरवेन.

कोल्हापूर

रीमॅपबद्दल (इंजिनच्या कंप्युटरचं सेटिंग बदलून घेणं) कुणी विचारायच्या आधीच सांगतो. केला. हायवेला एखादा किलोमीटर वाढला, ताकद इतकी वाढली की जुना क्लच पाच महिन्यांत घसरायला लागला. क्लचच्या खर्चात किती डिझेल आलं असतं ते घरी सांगितलेलं नाही.

त्यापेक्षा टपावरचं कॅरिअर काढा. गणपतीला गावी जाताना लावलेलं, दिवाळीपर्यंत तसंच. आणि एक्स्प्रेसवेवर १०० ऐवजी ८० ने जाऊन बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० च्या दीडपट १०० ला. मला १६.८ चे २०.१ मिळाले. मुंबईला पोचायला थोडा उशीर झाला, सगळे ट्रक मला ओव्हरटेक करून गेले.

सातारकर, एक विचारतो. तुमच्या गाडीत तापमानाचा काटा घाट उतरताना खाली येतो का?

सातारा

येतो. मला वाटायचं चांगलंच आहे, इंजिन गार राहतंय.

कोल्हापूर

तिथंच घोळ आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप, उघडा अडकलाय. इंजिन थंड आहे असं समजून कंप्युटर जास्तीचं डिझेल देत बसतो. काटा एकदा मधोमध आला की तिथून हलता कामा नये. स्वस्तातलं काम आहे, जुनं कूलंट त्याच वेळी बदला.

सातारा

काल बदलून घेतला. जुना काढून मेस्त्रींनी हातावर ठेवला, झडप अर्धी उघडी राहून गंजलेली. आज टाकी फुल केली आहे. शुक्रवारी पुणे, त्यानंतर अजून दोन खेपा होऊ देत, मग आकडा लिहितो.