नवा परवाना असताना रात्री समुद्रावरून उड्डाण करावे का? सल्ला हवा आहे

विचारणा

मी न्यू जर्सीत राहतो. खासगी वैमानिकाचा परवाना मला गेल्या वर्षी मिळाला. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचे काही दिसत नसताना केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) अद्याप घेतलेले नाही. नाशिकहून आलेल्या वडिलांना आणि पत्नीला शुक्रवारी संध्याकाळी काम आटोपल्यावर भाड्याच्या सेस्ना १७२ या छोट्या विमानातून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापलीकडील नॅन्टकेट बेटावर नेण्याचा विचार आहे. रात्री प्रवासी नेण्यासाठी मागील ९० दिवसांत जी तीन उड्डाणे आणि पूर्ण थांबून केलेली तीन लँडिंग लागतात, ती झालेली आहेत. आकाश निरभ्र असेल तर निघावे का?

प्रतिसाद १

निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या तीन लँडिंगमधून आपल्याला धावपट्टीचे दिवे पाहून उतरता येते एवढेच सिद्ध होते. किनारा मागे पडून पाणी आणि आकाश एकाच काळोखात मिसळल्यावर विमान सरळ आहे की एका पंखावर कलले आहे हे आपल्याला ओळखता येईल का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र, धाकटे जॉन एफ. केनेडी, १६ जुलै १९९९ रोजी रात्री न्यू जर्सीतूनच पायपर साराटोगा विमानाने पत्नी आणि मेहुणीसह निघाले होते. ऱ्होड आयलंडचा किनारा सोडून मार्थाज् व्हिनयार्ड बेटाकडे खाली येताना विमान समुद्रात कोसळले आणि तिघेही मृत्युमुखी पडले. त्यांच्या खाती सुमारे ३१० तासांचे उड्डाण होते, त्यांपैकी सुमारे ५५ तास रात्रीचे, म्हणजे ते अगदी नवशिके नव्हते. मात्र इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे प्रशिक्षण अपुरे होते. हवामान दृश्य नियमांच्या (बाहेर पाहून विमान चालवण्याच्या नियमांच्या) मर्यादेत होते. तरीही, रात्री पाण्यावरून उतरताना दिशाभ्रम झाल्यामुळे विमानावरील नियंत्रण सुटले, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला आणि धुरकट हवा व काळोखी रात्र यांना त्यातील साहाय्यक कारणे मानले.

हे कसे घडते ते नीट समजून घ्यावे. कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाला अगदी सावकाश वळण जाणवत नाही, आणि जाणवलेले वळणही बराच वेळ टिकले की तो ते विसरतो. त्यामुळे कललेल्या विमानातही आपण सरळ बसलो आहोत असे वाटते. विमान उंची गमावू लागते, वैमानिक दांडा मागे ओढतो, आणि पंख सरळ न करता दांडा ओढल्याने वळण आणखी आवळत जाते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांच्या आधारे उडण्याची सवय नसलेल्या २० वैमानिकांवर प्रयोग झाला. बाहेरचे दिसेनासे झाल्यावर त्यांचे नियंत्रण सरासरी १७८ सेकंदांत सुटले.

भारतात सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी दृश्य नियमांनुसार होणारी उड्डाणे सर्वसाधारणपणे थांबतात. अमेरिकेत तशी बंदी नाही, म्हणून ही जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते. शनिवारी सकाळी निघा.

प्रतिसाद २

समुद्रावरील रात्रीच्या उड्डाणाबद्दल मी वरील मताशी सहमत आहे, परंतु रात्रीचे उड्डाण सरसकट टाळावे असे मला वाटत नाही. आधी प्रशिक्षकाला शेजारी बसवून, चंद्रप्रकाशात, वस्तीच्या दिव्यांवरून जाणारे मार्ग निवडावेत. डोळे अंधाराला सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो, तेवढा वेळ प्रखर प्रकाश टाळावा. धावपट्टीच्या अलीकडे नुसता काळोख असेल तर आपण आहोत त्यापेक्षा उंच असल्याचा भास होतो आणि वैमानिक नकळत फार खाली येतो. अशा ठिकाणी उतरणीचा कोन दाखवणाऱ्या लाल-पांढऱ्या दिव्यांवरच विश्वास ठेवावा. इंधनाचा राखीव साठा कायद्याने रात्री ४५ मिनिटांचा आहे. मी तासाभरापेक्षा कमी ठेवत नाही.

विचारणाकर्ता

दोघांचेही आभार. ऑटोपायलट असलेले विमान भाड्याने मिळाले तर धोका पुरेसा कमी होईल का?

प्रतिसाद १

केनेडींच्या विमानातही ऑटोपायलट होता. आपले विमान नेमके कोणत्या स्थितीत आहे हे उपकरणांवरून वाचता येत नसेल, तर तो चुकीचा लावला गेल्याचे किंवा मध्येच सुटल्याचेही वेळेवर लक्षात येत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग पूर्ण करा, आणि बेटावरची पहिली रात्रीची फेरी प्रशिक्षकासह, प्रवासी न घेता करा. वडिलांना सकाळच्या उजेडात नेलेत तर त्यांना किनाराही पाहता येईल.