चौथ्या आठवड्यातली पिल्लं, विष्ठेत लाल रंग: घाबरायचं कधी? मदत हवी आहे

तुरेवाली

मंडळी, कोंबड्या पाळणाऱ्या जाणकारांकडून जरा तातडीने सल्ला हवा आहे.

वीसेक पिल्लं आहेत, वय चौथा आठवडा. सकाळी खुराड्यात खाली अंथरलेली गादी हलवताना विष्ठा बघते, पण त्यातून अर्थ काय काढायचा ते कळत नाही. एकाच खुराड्यात, एकाच खाद्यावर वाढणारी पिल्लं आणि विष्ठेच्या इतक्या तऱ्हा!

बरीचशी घट्ट, करडी-तपकिरी, वर पांढरं टोक. मधूनच एखादी पातळ, चिकट, गडद तपकिरी, आणि वास असा की दार उघडताच नाक धरावं. तिच्यावर पांढरं काही नसतं. कालपासून काही ठिकाणी नारिंगी-गुलाबी तंतूही दिसतायत. आणि आज पाण्याच्या भांड्याजवळ एक विष्ठा सरळ लाल होती.

एक पिल्लू पिसं फुलवून, पंख पाडून बल्बखाली बसून आहे. बाकीची हुंदडतायत, खातायत. पाण्याच्या भांड्याभोवतीची गादी ओली राहते, हेही सांगून ठेवते.

यातलं नेहमीचं काय आणि आजाराचं काय? लाल विष्ठा नेमकी कोणाची हे कसं शोधू? आणि औषध लगेच सुरू करू की एक दिवस वाट बघू?

भटका_कोंबडा

फार विचार करू नका. सगळ्यांना पाण्यातून अँटिबायोटिक सुरू करा. आमच्याकडे अशी हगवण त्यानेच थांबली होती.

खुराडेकर

वरच्या सल्ल्याशी अजिबात सहमत नाही. कारण सांगतो, पण आधी हातातलं काम: बसलेलं पिल्लू आत्ताच वेगळं करा. खोक्यात पांढरा कागद अंथरा, ऊब द्या, पाणी जवळ ठेवा. काही तासांत कागदावर त्याची विष्ठा पडेल, म्हणजे कोणाची हा प्रश्न त्याच्यापुरता तरी सुटला. उरलेल्यांसाठी रात्री ती जिथे दाटीने झोपतात तिथे कागद घाला आणि उजाडताच बघा.

आता तऱ्हांचं. पक्ष्यांना लघवीची वेगळी वाट नसते. मूत्रपिंडातून येणारं युरिक ॲसिड विष्ठेबरोबरच बाहेर पडतं, तेच ते पांढरं टोक. ते असणं चांगलंच. तुमची पहिली तऱ्हा निरोगी.

दुसरीला बहुतेक नवे लोक घाबरतात, आणि तीही निरोगीच असते. कोंबडीच्या आतड्याला टोकाकडे दोन आंधळ्या, म्हणजे एका बाजूने बंद, पिशव्या असतात, सीका म्हणतात त्यांना. तिथे अन्न आंबतं आणि त्या दिवसातून काही वेळाच रिकाम्या होतात. म्हणून आठ-दहा साध्या विष्ठांमागे एखादी अशी चिकट, घाण वासाची येते. उलट ती यायची थांबली तर मला काळजी वाटेल.

नारिंगी तंतू हे बऱ्याचदा आतड्याचं झडलेलं अस्तर असतं. एखाद-दुसरा दिसला तर सोडून द्यावा. रोज, अनेक विष्ठांमध्ये आणि शेंबडासारख्या चिकट द्रवासोबत दिसू लागला तर नाही.

पण ताजं लाल रक्त, वय चार आठवडे, ओली गादी आणि फुगून बसलेलं पिल्लू, हे सगळं एकत्र आलं की माझा संशय रक्ती हगवणीवर जातो. म्हणजे कॉक्सीडिओसिस. तो जिवाणूंचा आजार नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या पेशींत शिरून वाढतो, आणि त्यातली टेनेला ही जात नेमकी त्या आंधळ्या पिशव्या फोडते, म्हणून रक्त. नुसत्या अँटिबायोटिकने तो जात नाही. सल्फा गटातली औषधं चालतात, पण कुठलंही उचलून द्यायची ती गोष्ट नव्हे. भटका यांच्याकडे हगवण थांबली असेल, पण ती हीच होती कशावरून?

वाट बघू नका. आजच पशुवैद्यांना गाठा. पाच-सहा ठिकाणची ताजी विष्ठा डबीत घेऊन जा, सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीची अंडी दिसतात.

पहिलटकर

मध्येच विचारतो, माफ करा. आमची पिल्लं जेमतेम आठवड्याची आहेत. रक्त नाही, पण दोघांच्या ढुंगणाला पांढरट विष्ठा चिकटून वाळली आहे. हेही तेच का?

जुनी_खोड

नाही, या वयात बहुधा नाही. रक्ती हगवण मुख्यतः तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात गाठते.

तुमच्याकडे आधी तापमान तपासा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर 32 ते 35 अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी उतरवायचं. थंडी, उकाडा, प्रवासाचा ताण, पाणी कमी पडणं, यातल्या कशानेही विष्ठा चिकटून बसते. मार्ग बंद झाला तर पिल्लू मरतं, म्हणून दुर्लक्ष नको. कोमट पाण्यात कापूस भिजवून धरा, मऊ होऊ द्या, मग पुसा. ओढून काढलंत तर कातडी सोलवटते. आणि पूर्ण वाळवूनच परत सोडा. एक सांगते, पोटाकडे बेंबीची वाळकी खपली असते, ती विष्ठा समजून खरवडू नका.

दोनाची दहा झाली, विष्ठा खडूसारखी पांढरी झाली, पिल्लं बल्बखाली गर्दी करून चिवचिवायला लागली आणि मरतुक सुरू झाली, तर ती सॅल्मोनेला जिवाणूची पांढरी हगवण असू शकते. ती बहुधा आईच्या अंड्यातूनच येते. मग घरगुती उपाय नकोत.

तुरेवालीताई, तुमच्यासाठीही थोडं. रंगावरच अडकू नका. बीट खाल्लं की विष्ठा लाल होते, पालेभाजी खाल्ली की हिरवी. पण न खाणाऱ्या पिल्लाचीही हिरवीच होते, कारण आतड्यातून नुसतं पित्त उतरतं. तिथे फरक गळ्याखालची पिशवी सांगते: संध्याकाळी चाचपून बघा, भरलेली असायला हवी. हिरव्या हगवणीबरोबर घरघर किंवा मान वाकडी दिसली तर मात्र राणीखेत या विषाणूच्या आजाराचा संशय घ्या. माझा हिशेब असा, विष्ठा बिघडली पण पिल्लू टवटवीत असेल तर दिवसभर नजर ठेवायची. पिल्लू मलूल असेल तर विष्ठा कितीही सुंदर दिसो, डॉक्टर. (सुंदर विष्ठा! काय काय लिहावं लागतं.)

तुरेवाली

सगळ्यांचे आभार. कागदावर त्याच पिल्लाची विष्ठा लाल निघाली. डॉक्टरांकडे नेईपर्यंत ते गेलं. त्यांनी ते उघडून दाखवलं: दोन्ही आंधळ्या पिशव्या रक्ताच्या गुठळ्यांनी टम्म फुगलेल्या. डबीतल्या नमुन्यातही अंडी सापडली. सगळ्यांना पाण्यातून ॲम्प्रोलियम दिलं आहे.

आता दोन शंका. खाद्याच्या पिशवीवर या आजाराचं औषध आधीच मिसळल्याचं लिहिलंय, मग झालं कसं? आणि अशक्तपणासाठी सोबत जीवनसत्त्वांचं औषध देऊ का?

खुराडेकर

वाईट वाटलं.

खाद्यातली मात्रा प्रतिबंधापुरती, कमी असते. ओल्या गादीत अंड्यांचा मारा वाढला की ती पुरत नाही. शिवाय आजारी पिल्लू खाणं सोडतं, म्हणजे औषधही सोडतं. पाणी मात्र बराच काळ पीत राहतं, म्हणूनच उपचार पाण्यातून. तेवढे दिवस दुसरं पाणी कुठेही ठेवू नका आणि प्रमाण पाकिटानुसार, डॉक्टरांना विचारूनच घाला, कारण पावडरी वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. पाण्यातली मात्रा सुरू असताना औषधी खाद्याचं काय करायचं, तेही त्यांनाच विचारा.

जीवनसत्त्वं आत्ता नको. ॲम्प्रोलियमची रचना बी-1 सारखी असते, त्या भुलीवरच परजीवी उपाशी मरतो. वरून बी-1 ओतलंत तर औषधाचा जोर जातो. कोर्स संपल्यावर द्या.

तुरेवाली

समजलं. आणि गादी पूर्ण काढून जंतुनाशक मारू का?

जुनी_खोड

जंतुनाशकावर भरवसा ठेवू नका, नेहमीची बरीचशी या अंड्यांच्या कवचाला भेदत नाहीत. त्यांचा शत्रू कोरडेपणा. विष्ठेतून पडलेलं अंडं लगेच रोग देत नाही, ऊब आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत तयार होतं. म्हणून भांड्याभोवतीची ओली गादी रोज काढा, भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा. मूठभर गादी दाबून बघा: गोळा तसाच राहिला तर ओली, सुटला तर ठीक. कोरडी आहे तिथली राहू दे. थोडा थोडा संसर्ग होतच पिल्लं प्रतिकार कमावतात, पण एका जातीच्या आयमेरियाशी लढलेलं पिल्लू दुसऱ्या जातीला बळी पडू शकतं. त्यामुळे पुढचे काही आठवडे कागद घालणं सोडू नका, आणि नवी लहान पिल्लं आणलीत तर ती या गादीवर अजिबात सोडू नका.

हात साबणाने धुताय ना?