टेक कंपनीच्या प्रमुखाला तांत्रिक काम यायलाच हवं का? (ऑनलाइन मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रात्रपाळी

माझं मत आधीच सांगतो: यायलाच हवं. स्वतः उभी केलेली सिस्टिम मध्यरात्री कोसळताना ज्याने एकदाही पाहिली नाही, त्याच्या हाती टेक कंपनी देऊ नये.

आमचे प्रमुख विक्री विभागातून वर आलेले. माणूस चांगला, कष्टाळू, अगदी नव्या पोरांनाही नावाने ओळखणारा. आमचा डेटाबेस जुना झाला होता. तो बदलायला पाच महिने लागतील आणि तेवढ्या काळात एकही नवं फीचर देता येणार नाही, असं आम्ही लेखी कळवलं. साप्ताहिक रिपोर्टात टीम लीडने या कामापुढे लाल, म्हणजे धोक्याचा, रंग लावला. त्याच्या मॅनेजरने तो पिवळा केला. बोर्डापुढे गेला तेव्हा तो हिरवा होता आणि खाली बारीक अक्षरात ‘काही जोखीम’ एवढंच. मोठ्या रिलीजच्या रात्री डेटाबेस बसला. बॅकअप रोज घेतले जात होते, पण ते परत लावून कुणी कधी पाहिलंच नव्हतं. ते लागेनात. ग्राहकांचा काही डेटा कायमचा गेला.

नंतरच्या मीटिंगमध्ये प्रमुख म्हणाले, ‘मला हे कुणी सांगितलंच नाही.’ आणि ते खरंच बोलत होते! पण तांत्रिक माणूस त्या जागी असता, तर सहा वर्षं जुन्या डेटाबेससमोर हिरवा रंग बघूनच त्याला शंका आली असती.

मोठ्या कंपन्यांत हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. पॉल ओटेलिनी २००५ मध्ये चिप बनवणाऱ्या इंटेलचे सीईओ झाले, इंजिनिअर नसलेले पहिले. पहिल्या आयफोनची चिप बनवायची संधी त्यांनी नाकारली. पायउतार होताना २०१३ मध्ये त्यांनीच मुलाखतीत सांगितलं की ॲपल देत असलेली किंमत इंटेलच्या अंदाजी खर्चापेक्षा कमी होती. पुढे तो अंदाजच चुकीचा निघाला आणि फोनचा खप कुणी धरला होता त्याच्या शंभरपट झाला. मन होकार देत होतं, आकडे नको म्हणत होते, त्यांनी आकड्यांचं ऐकलं. उलट इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी बघा. लिसा सू यांची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमधली पीएचडी एमआयटीची. २०१४ मध्ये त्या सीईओ झाल्या तेव्हा कंपनी तगेल का, हाच प्रश्न होता. त्यांनी नव्या प्रोसेसरवर सगळा जोर लावला आणि २०१७ मध्ये तो रायझेन या नावाने बाजारात आला.

ताळेबंद

मी फायनान्सवाला, त्यामुळे या धाग्यावरचा आरोपीच समजा. पण इंटेलची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत.

ओटेलिनींनंतर आले ब्रायन क्रझानिच. १९८२ पासून इंटेलमध्ये, सुरुवातच प्रोसेस इंजिनिअर म्हणून, कारखान्यात वाढलेला माणूस. आणि इंटेलची १० नॅनोमीटरची, म्हणजे आणखी बारीक भागांची चिप बनवायची, प्रक्रिया अडकली ती त्यांच्याच काळात. चिप बनवण्याच्या ज्या कामात त्यांची हयात गेली, नेमक्या त्याच कामात कंपनी मागे पडली. तुमच्या नियमाने हे घडायलाच नको होतं.

आणखी मागे जा, १९८५. इंटेलने मेमरी चिप सोडून मायक्रोप्रोसेसरवर जायचं ठरवलं. याचं श्रेय इंटेलचे तेव्हाचे प्रमुख अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर यांना मिळतं आणि ते योग्यच आहे. दोघंही पीएचडी. पण हा निर्णय व्हायच्या आधीच बरीचशी उत्पादनक्षमता मायक्रोप्रोसेसरकडे वळलेली होती. कारण कोणत्या चिपला किती वेफर (ज्यातून चिप कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) द्यायचे हे दर वेफरमागे किती नफा मिळतो यावर ठरायचं. हा हिशेबाचा नियम होता. मेमरीत घडलेल्या इंजिनिअरांचा जीव मेमरीत गुंतलेला होता, म्हणून वरून निर्णय व्हायला उशीर लागला. नियमाचा जीव कशातच गुंतलेला नव्हता.

आयबीएमचंही तसंच. १९९३ मध्ये लू गर्स्टनर प्रमुख म्हणून आले ते बिस्किटं आणि सिगारेटी विकणाऱ्या आरजेआर नॅबिस्कोतून. त्या वर्षी आयबीएमचा तोटा ८ अब्ज डॉलरच्या घरात होता आणि कंपनीचे तुकडे करायची तयारी चालली होती. त्यांनी तुकडे होऊ दिले नाहीत. आयबीएमचा ग्राहक म्हणून त्यांना ठाऊक होतं की मोठ्या ग्राहकांना दहा कंपन्यांचे दहा भाग जोडत बसायचं नसतं. हे शहाणपण त्यांना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून मिळालं होतं.

आता तुमचा डेटाबेस. ‘बॅकअप परत लावून शेवटचा कधी बघितला?’ हा प्रश्न विचारायला कोड यावा लागत नाही. आम्ही ऑडिटमध्ये असेच प्रश्न विचारतो. गोदामात माल आहे असं कागद म्हणतो, पण जाऊन मोजला कुणी? तुमचे प्रमुख कमी पडले, मान्य. पण ते विक्रीतले होते म्हणून नाही, त्यांनी माल मोजला नाही म्हणून.

अर्धविराम

ताळेबंद यांच्या बाजूने एक भर. गूगलने २००१ च्या सुमारास इंजिनिअरिंगमधले मधले मॅनेजर काढून टाकले होते. शंभराहून जास्त इंजिनिअर थेट एकाच उपाध्यक्षाच्या हाताखाली. प्रयोग काही महिन्यांत गुंडाळावा लागला, कारण किरकोळ खर्चाच्या मंजुऱ्या आणि आपसातली भांडणं थेट गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्यापर्यंत पोचायला लागली. पुढे २००८ नंतर त्यांनी आपल्याच माहितीवरून चांगल्या मॅनेजरचे आठ गुण काढले. तांत्रिक कौशल्य त्यात होतं, पण आठव्या क्रमांकावर.

रात्रपाळी

अर्धविराम, तो अभ्यास टीम सांभाळणाऱ्या मॅनेजरांचा होता. दहा जणांची टीम चालवणं वेगळं आणि पुढची पाच वर्षं पैसा कुठे घालायचा हे ठरवणं वेगळं. शिवाय जिथे जवळपास प्रत्येक मॅनेजर आधी इंजिनिअर होता, तिथे तांत्रिक कौशल्याने फारसा फरक पडताना दिसणार नाहीच. ते सगळ्यांकडेच होतं.

ताळेबंद, क्रझानिच यांच्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तो मुद्दा मला खरंच लागला. गोदामाचाही. पण माल मोजायला हवा हे तुम्हाला का सुचतं? कारण कागदावर भरलेलं आणि आत रिकामं गोदाम तुम्ही कधीतरी पाहिलंय. बॅकअपचा प्रश्न ज्याने एकदा डेटा गमावलाय त्यालाच सुचतो. डिग्रीचा आग्रह मी सोडतो. आपल्या तांत्रिक निर्णयाचे परिणाम दोन-तीन वर्षं स्वतः निस्तरलेले असावेत, एवढी अट मात्र ठेवतो. टेकमधला खरा खर्च ताळेबंदात दिसत नाही हो. घाईत लिहिलेला कोड तिमाही अहवालात ‘वेळेत पूर्ण’ म्हणून येतो आणि तीन वर्षांनी तेच फीचर बदलायला सहापट वेळ लागतो. तोवर घाई करायला लावणारा माणूस बढती घेऊन दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

पाऊलवाट

मी अकरा वर्षं कोड लिहिला, आता पाच वर्षं इंजिनिअरिंग मॅनेजर आहे. रात्रपाळी, तुम्हाला हवा तसा प्रमुख मला मिळाला होता. कंपनीचा संस्थापक, विलक्षण हुशार, पहिल्या आवृत्तीचा निम्मा कोड त्याचाच. रात्री दोनला आमच्या कोडवर रिव्ह्यू टाकायचा आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं. त्रास तिथेच होता. त्याने मूळ रचना केलेला भाग आता पेलत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्यासमोर बोलायचं कुणी? बोललं की तो फळ्यावर जायचा आणि वीस मिनिटांत सिद्ध करून दाखवायचा की आपल्यालाच समजलेलं नाही. सहा महिन्यांत तीन सीनियर लोक गेले. जाताना खरं कारण कुणीच सांगितलं नाही.

तुमच्याकडे लालचा हिरवा झाला कारण वरच्याला कळणार नाही असं लोकांना वाटलं. आमच्याकडे झाला कारण वरच्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं अशी धास्ती होती. रंग बदलणारा मधला मॅनेजर दोन्हीकडे तोच. मीही एकदा पिवळा केलाय, आणि अजून त्याची बोच आहे.

ताळेबंद

पाऊलवाट, हे लिहायला धैर्य लागतं.

रात्रपाळी, परिणाम निस्तरल्याची तुमची अट मला पटते, पण ती फक्त तांत्रिक निर्णयांपुरती का? आणि तो बढती घेऊन जाणारा माणूस. त्याचा बोनस त्याच तिमाहीच्या आकड्यांवर ठरवला असेल, तर तिथे जातिवंत इंजिनिअर बसवलात तरी घाईच करेल. मी बोनस ठरवणाऱ्या समित्यांत बसलोय. ‘तीन वर्षांनी हे बदलायला किती वेळ लागेल’ हा रकाना आमच्या कागदावर कधीच नव्हता, आणि तो घालायला हवा हे मलाही कधी सुचलं नाही. तुमची तक्रार इथे आमच्यावर येते आणि मी ती घेतो. पण गर्स्टनरना मी सोडणार नाही.

रात्रपाळी

गर्स्टनर तुमचे, ओटेलिनी माझे. पाऊलवाट, आता जिथे आहात तिथे रंग बदलतात का?

पाऊलवाट

गेल्या वर्षापासून नाही. खालून आलेला रंग वरच्याला बदलता येत नाही, फक्त शेजारी आपलं म्हणणं आपल्या नावाने लिहिता येतं. पहिल्या महिन्यात अकरा लाल आले. आमच्या प्रमुख फायनान्समधून आलेल्या आहेत, त्यातले निम्मे शब्द त्यांना कळले नसतील. त्या अकराही कामांच्या मीटिंगला बसल्या आणि प्रत्येक वेळी एवढंच विचारलं: हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, आणि कधी? नऊ कामांचं उत्तर एक वर्षापेक्षा जुनं होतं.